टांगलेलं हाड

आमच्या घरात कवटी आली ती प्रेशर कुकरच्या खोक्यातून. कॉलेजातल्या वरच्या वर्गातल्या एका मुलीने ती मला परीक्षेपुरती वापरायला दिली होती, आणि उल्हासनगरहून अंबरनाथपर्यंत माणसाचं डोकं न्यायचं कसं, हा प्रश्न तिच्या आईने घरातलं रिकामं खोकं देऊन सोडवला होता. रिक्षात ते खोकं मांडीवर घेऊन बसले, तर शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "किती लिटरचा गं?" मी म्हटलं, "पाच." "घरात माणसं किती?" "चार." "मग पुरेल," त्या म्हणाल्या. घरी तर कहरच झाला. आमच्या आईला कित्येक वर्षं कुकर हवा होता. तिने खोकं पाहिलं, पदराला हात पुसले, "अगं, आधी सांगायचंस तरी!" म्हणत सुतळी सोडली आणि आत डोकावली. मेलेल्या माणसाची कवटी घरात आली याचा तिला धक्का बसला, नाही असं नाही. पण कुकर आला नाही याचं दुःख त्याहून मोठं होतं, असं मला आजही वाटतं. त्या रात्री डाळ नेहमीसारखी पातेल्यातच शिजली, फक्त भांड्यांचा आवाज जरा जास्त झाला.

आम्ही मोरिवलीच्या बाजूला राहायचो. सात दारांची बैठी चाळ, पुढे ओटा, मागे मोरी आणि गटार, आणि चारही बाजूंनी कारखान्यांचा वास. ज्या दिवशी वास येत नसे त्या दिवशी कुठेतरी संप आहे असं समजायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, एका काडेपेट्यांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. खोक्यांवर कोरलेला पत्रा ठेवायचा, वरून रंगाचा ब्रश फिरवायचा, पत्रा उचलला की खाली अक्षरं उमटलेली, हे त्यांचं काम. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव असायला हवं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. आमच्या घरात पिठाच्या डब्यावर 'पीठ', मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि कंदिलावर, का कोण जाणे, 'सावधान' असं लिहिलेलं होतं.

मी होमिओपॅथी शिकत होते. आमच्या नात्यागोत्यात डॉक्टरकीच्या वर्गात बसलेली मी पहिलीच, त्यामुळे गोड गोळ्यांची का होईना, पण डॉक्टर होणार, हे विहारातल्या शेवटच्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आणि मी शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत नापास झाले होते. परीक्षकांनी कवटी माझ्या हातात पालथी दिली होती. माझ्या पुस्तकात ती सरळ होती. पालथी झाल्यावर मी तिला ओळखेना आणि ती मला. आता ऑक्टोबरात पुन्हा तीच परीक्षा होती, आणि तीत गचकले तर कॉलेजला रामराम ठोकून आप्पांच्याच पॅकिंग खात्यात काड्यांचे गठ्ठे बांधायचे, असं ठरलं होतं. आप्पांनी साहेबांकडे शब्द टाकून ठेवला होता. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आत्याने सांगितलं होतं. मला डॉक्टर व्हायचं होतं. इतकं व्हायचं होतं की मी ते कोणाजवळ बोलत नसे, कारण बोललं की दृष्ट लागते, असं आमच्या त्या बुद्धिवादी घरातही मला मनातून वाटायचं.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आप्पा तिला आक्का म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी वर्षभरात वाट दाखवली, तेव्हापासून एक पत्र्याची पेटी घेऊन ती आमच्याकडे होती. आली तेव्हा मी रांगत होते म्हणे. कृश, काटक आणि अखंड बोलणारी बाई. भाकरी थापताना बोलायची, नळावर बोलायची, झोपेतही कोणाला तरी वांग्याचा भाव विचारायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई तिच्या मागे म्हणे आणि पुढे "वन्सं, चहा घ्या" म्हणे. कवटी ठेवायची कुठे यावर आईने स्वयंपाकाची बाजू आणि तसबिरींची भिंत दोन्ही बाद केल्या, तेव्हा आत्यानेच तिला आपल्या पेटीवर जागा दिली.

"कुनाचं गं हे?" तिने विचारलं.

"माहीत नाही, आत्या. कोणाचं तरी."

"गाव कंचं?"

"ते कसं कळणार?"

"म्हंजी आलाय पाव्हना आन् गाव ठावं न्हाय," म्हणून तिने कवटीच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. या कवटीचा खालचा जबडा दोन बारीक स्प्रिंगांनी वर अडकवलेला होता. हनुवटी दाबून सोडली की तो आपटून बंद होई. आत्याला ही गंमत कळायला एक दिवस लागला. मग ती हनुवटी दाबून दाबून त्याच्या वतीनेही बोलू लागली. "काय पाव्हनं, भाकर खाणार का?" खट्. "बोंबलाचं कालवण हाय." खट् खट्. "बगा वैनी, भुकेजलाय गडी." आई तोंड फिरवून हसायची. मी मात्र रडकुंडीला आलेली असायची, कारण चेहऱ्यात चौदा हाडं असतात, कोणतं कोणाला कुठे लागून आहे ते सगळं पाठ करायचं होतं, आणि मी एकीकडून पाठ करत गेले की दुसरीकडून विसरत येत होते.

युक्ती सुचली ती नळावर. पाण्याला नंबर लावून उभी होते आणि मनात हाडं मोजत होते. चेहऱ्यातली सहा हाडं जोडीची, उजवं आणि डावं. दोनच हाडं एकटी: एक खालचा जबडा, मॅन्डिबल, आणि दुसरं नाकाच्या मधला उभा पडदा, व्होमर. सहा जोड्या आणि दोन एकटे. समोर आमची चाळ. माझ्या हातातली कळशी भरून वाहू लागली आणि मागच्या बाईने मला ढोसलं, कारण चाळीत नवरा-बायकोच्या बरोब्बर सहा जोड्या होत्या, आणि एकटी माणसं दोन. एक आमची आत्या. दुसरे शेवटच्या खोलीतले गायकरकाका, चामटोलीचे, बायको वारून बरीच वर्षं झालेली, कारखान्यात वॉचमन आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडे शेतात.

मग काय, मी चाळीलाच कवटीत बसवलं. वरचा जबडा, मॅक्सिला, चेहऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या हाडांना कुठे ना कुठे लागतो. तो आई-आप्पांना दिला, कारण आप्पांचं प्रत्येकाकडे जाणं-येणं होतं. गालाची हाडं शेजारच्या मोहिनीभाभी आणि त्यांच्या नवऱ्याला. सिंधी जोडपं, दोघांचेही गाल असे की दुसऱ्या कोणाला देणं अन्यायाचं झालं असतं. नाकाची दोन हाडं कपाळाखाली एकमेकांना टेकून असतात, ती नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला, जे ओट्यावर तसंच बसायचं. अश्रूंची हाडं नखाएवढी पातळ, ती रोज भांडणाऱ्या जोडप्याला. टाळूचं हाड, पॅलाटाइन, डबे बनवून देणाऱ्या खानावळवाल्यांना. उरलं इन्फिरिअर नेझल काँका, म्हणजे नाकात खाली असलेलं वळलेलं हाड, जे येणारी हवा ओली करतं. ते नळाशेजारच्या, कायम ओल धरलेल्या खोलीतल्या राण्यांना. आत्या मॅन्डिबल, हे सांगायला नको. चेहऱ्यात हलणारं हाड तेवढं एकच.

चूक केली ती एवढीच की हे मी आप्पांना सांगितलं. ते एकदम उठून उभे राहिले. "नलू, अगं मग पाटी नको का?" पुढच्या रविवारी मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले आणि संध्याकाळी परत आले, तर चाळीच्या दारादारावर काळ्या रंगात, कारखान्यातून मोडीत निघालेल्या इंग्रजी अक्षरांच्या पत्र्यांनी, हाडांची नावं छापलेली. सरळ रेषेत, एकसारख्या उंचीवर, जशी निर्यातीच्या खोक्यांवर असतात तशी. "पोरीचा अभ्यास आहे" एवढंच सांगून त्यांनी सगळ्यांची परवानगी काढली होती, आणि पोरीच्या अभ्यासाला आमच्या चाळीत कोणी नाही म्हणत नसे. आत्यापाशी मात्र ते अडले. सगळ्यांना दार होतं, आत्याला नव्हतं. दार आप्पांचं आणि त्याच्यावर मॅक्सिला. थोडा विचार करून त्यांनी मॅन्डिबल तिच्या पेटीवर छापलं. आत्याने ते ओलं असतानाच बोट लावून पाहिलं, तेव्हा शेवटचं अक्षर पुसट झालं, ते तसंच राहिलं.

मंगळवारी भाजीवाली आली नाही. बुधवारी दूधवाल्याने पिशव्या कोपऱ्यावर दगडाखाली ठेवल्या आणि तो पळाला. गुरुवारी कळलं की मलेरियाची माणसं फवारणी करून दारावर खडूने खुणा करतात ना, तशी आमच्याकडे काहीतरी भयंकर साथ आली असून प्रत्येक घरात वेगळा रोग निघाला आहे, अशी बातमी पार स्टेशनपर्यंत गेली होती. मोहिनीभाभी उल्हासनगरच्या बाजारात गेल्या तेव्हा त्यांच्या भावाने त्यांना दुकानाच्या पायरीखालीच उभं केलं. परत येऊन त्या आमच्या ओट्यावर पापडांचं पुडकं आपटून बसल्या. "अप्पासाहेब, मेरा सगा भाई बोलता है, दूर से बात कर! उसको कोणीतरी सांगितलं, मोहिनी को झायगोमॅटिक हुआ है!" आप्पांनी त्यांना कवटी दाखवून समजावलं की हे गालाचं हाड आहे, चेहऱ्याची सगळी शोभा त्याच्यावर. भाभींनी दोन्ही हातांनी स्वतःचे गाल चाचपले, मग कवटीचे, मग पुन्हा स्वतःचे. "हां, ये तो मेरेको मालूम था," म्हणाल्या, आणि नवऱ्याला दाखवायला कवटी घेऊन गेल्या. ती आणायला मला रात्री जेवायच्या वेळी जावं लागलं. दोघं तिच्यासमोर आरसा धरून बसले होते.

खरा घोळ राण्यांनी केला. राणे कोकणातले, कचेरीत कारकून, इंग्रजी येणारे. बाकीच्यांनी आपापलं हाड निमूट स्वीकारलं, कारण कोणाला अर्थ कळत नव्हता. राण्यांना पहिला शब्द कळला. शनिवारी सकाळी ते बनियनवर, पण हातात पेन घेऊन आले.

"आप्पा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. इन्फिरिअर म्हणजे काय ठाऊक आहे? कनिष्ठ! सात घरांत आम्हीच कनिष्ठ?"

आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जन्मभर वर-खालच्या भानगडीविरुद्ध बोललेला माणूस, विहारातल्या प्रत्येक सभेत त्याच विषयावर उभा राहणारा, आणि त्याने स्वतःच्या हाताने, रंगाने, शेजाऱ्याच्या दारावर 'कनिष्ठ' छापलं होतं. मी पुढे होऊन म्हटलं, "काका, ते फक्त खालचं या अर्थी आहे. वरची दोन वेगळ्या हाडाची आहेत, म्हणून याला..." राणे म्हणाले, "बेटा, जगात सगळं 'फक्त त्या अर्थी'च असतं." आप्पा आत गेले, घासलेट आणि चिंधी घेऊन आले. "राणेसाहेब, अदलाबदल करू. मॅक्सिला तुम्ही घ्या. इन्फिरिअर माझ्या दारावर."

"तसं नव्हे आप्पा, मी आपलं..."

"अहो, ही पाटी आमच्या मागच्या पिढ्यांनी बिनरंगाची वागवली. रंगवलेली काय जड आहे?"

राण्यांनी पेन कानामागे खोचलं आणि पाट्या बदलल्या गेल्या. राणेवहिनी दुपारी घावन घेऊन आल्या आणि आईजवळ बराच वेळ बसून गेल्या. आप्पा मात्र त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः दार दाखवत, "वाचा, वाचा, इन्फिरिअर." त्यांना ते भारी आवडलं होतं. मला मात्र पुन्हा पहिल्यापासून पाठ करायला बसावं लागलं. परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि माझा वरचा जबडा नळाशेजारी राहायला गेला होता.

या सगळ्यात आपल्या हाडावर मनापासून खूश असा एकच माणूस होता. गायकरकाकांनी पहिल्या दिवशी दारात येऊन, चपला काढून विचारलं होतं, "पोरी, माजा काय हाय त्यो?" मी कवटी पालथी करून नाकाच्या मागच्या दोन भोकांमधला तो पातळ पडदा दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले. "अगो, ह्यो तं नांगराचा फाल!" मी पुस्तक उघडून पाहिलं तर नावाचा अर्थ खरंच नांगराचा फाळ असा होता. त्यांना यात नवल वाटलं नाही. फाळासारखा दिसतो तर दुसरं काय म्हणतील? पण त्यानंतर रोज संध्याकाळी ड्युटीवर जाण्याआधी ते आमच्या ओट्यावर येऊन विचारू लागले, "आज फालाचा काय झाला?" आणि मी त्यांना कायकाय वाचलं ते सांगे. हातात कधी वालाच्या शेंगा, कधी शेतातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, असायच्या. आत्या चहा आणून द्यायची आणि बोलायला बसायची. काका बोलायचे नाहीत. ते ऐकायचे. नुसतं हं हं करणारे ऐकणारे चाळीत पुष्कळ होते. काका दुसऱ्या दिवशी विचारायचे, "मंग तं वांगंवाली काय बोलली?" वीस वर्षं आत्याच्या बोलण्याचा पुढचा भाग कोणी विचारला नव्हता. आता मी दवाखान्यात बसते, माणसं बोलतात आणि मी ऐकते, तेव्हा कळतं की ती केवढी मोठी गोष्ट होती. तेव्हा मला फक्त चिंबोऱ्या दिसत होत्या.

एका संध्याकाळी मी मोठ्याने वाचत होते. खालचा जबडा कवटीच्या इतर हाडांसारखा पक्का जोडलेला नसतो. दोन्ही कानांपुढे तो वरच्या हाडाला नुसता टांगलेला असतो. आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हनलीस? टांगलेला?"

"हो. म्हणून तर हलतो."

"बाकी समदी एकमेकाला धरून, आन् म्या तेवढी टांगलेली."

"अगं आत्या, हाडाचं चाललंय."

"हाडाचंच म्हनते," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. आई माझ्याकडे बघून मानेने नको म्हणाली. ओट्यावर गायकरकाका कपबशी हातात धरून बसले होते, चहा संपला होता तरी. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडंच वाटलं. माझ्या डोक्यात परीक्षेशिवाय कशालाही जागा नव्हती.

परीक्षेला बाहेरून आलेले सर कोल्हापूरकडचे होते. जाड मिशा, जाड चष्मा, टेबलावर कवटी आणि तिच्या बाजूला खारी बिस्किटांची बशी. त्यांनी कवटी उचलली आणि, माझ्या कर्माने, पालथी करूनच माझ्या हातात दिली. माझे कान गरम झाले. आणि मग लक्षात आलं की ही तर आमची चाळ मागच्या बाजूने, गटाराच्या अंगाने पाहिल्यासारखी आहे. मागून पाहिली म्हणून काही शेजारी बदलत नाहीत. मी धडाधड सांगत सुटले. टाळूच्या पुढे हे, मागे ते, मधोमध व्होमर, त्याची मागची कड मोकळी. सर मिशीतून हुं हुं करत राहिले. मग मुलांना फसवायला विचारतात तसा प्रश्न त्यांनी टाकला.

"मॅन्डिबल आणि व्होमर, यांचा एकमेकांशी सांधा आहे का?"

"अजून नाही, सर," मी म्हणाले.

आमच्या कॉलेजच्या मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या हातातली खारी चहात पडली. सरांनी चष्मा काढला. "अजून? अहो, माणूस निर्माण झाल्यापासून झाला नाही. आता कधी व्हायचाय?"

मला वाटलं, संपलं. पॅकिंग खातं. काड्यांचे गठ्ठे. गेलंच आहे तर खरं तरी सांगावं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं: नळ, सहा जोड्या, दारावरच्या पाट्या, आत्या, गायकरकाका, चिंबोऱ्या. सांगताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सर गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी कवटी स्वतःकडे ओढली आणि एकेका हाडावर पेन्सिल ठेवून विचारायला सुरुवात केली. "इथे कोण राहतं?" "खानावळवाले, सर. पॅलाटाइन." "त्यांच्या पुढे?" "आम्ही. नाही, आता राणे. मॅक्सिला." "आता म्हणजे?" मग इन्फिरिअरचंही सांगावं लागलं. "ही गालाची?" "मोहिनीभाभी, सर." "वरच्या कपाळाशी त्यांचं जमतं?" "जमतं सर, सांधा आहे." असं त्यांनी मला अख्ख्या चाळीतून फिरवलं, पुढच्या दाराने आणि मागच्या दाराने, आणि मी एकदाही अडखळले नाही. शेवटी त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मॅडमना म्हणाले, "हिला पुढच्या वर्गात जाऊ द्या." मग मला, हळूच, "पुढल्या वर्षी मी परत येणार आहे. त्या दोघांचं काय झालं ते सांगायचं."

घरी सगळी चाळ जमली होती. मी पास झाले म्हटल्यावर आप्पा काही न बोलता मागच्या मोरीकडे गेले आणि तोंड धुऊन आले. पुन्हा गेले, पुन्हा धुऊन आले. भाभींनी पापड भाजले, आईने शिरा केला. "काय काय इचारलं?" आत्याने विचारलं. मी आनंदात होते, सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले: जबडा आणि फाळ एकमेकांना लागतात का, असं विचारलं आणि मी म्हटलं, अजून नाही. हसता हसता राण्यांना ठसका लागला. दारात गायकरकाका शेंगांची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आपल्या पायांकडे बघू लागले. आत्या हसली नाही. तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. त्या संध्याकाळी ती एक शब्द बोलली नाही, झोपेतही बोलली नाही. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

सकाळी चुलीपुढे मी एकटी आहे असं पाहून ती म्हणाली, "नले, त्यो फाळ. समदीकडनं चिकटलेला असतुया, का कुठं मोकळा बी हाय?"

"मागची कड मोकळी असते, आत्या."

तिने भाकरी उलटली. "आसू दे," म्हणाली.

तीन-चार रविवार गेले असतील. गायकरकाका धुतलेला सदरा घालून आमच्याकडे आले आणि खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच आप्पांना म्हणाले, "मना तुमचे आक्काशी लगीन कराचा हाय." आप्पांनी भिंतीवरच्या तसबिरींकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आयुष्यभर दिलेली सगळी भाषणं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेली, असं मला वाटलं. मग घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, आक्काचं आक्का ठरवील. तिला विचारा."

"तिनीच धाडलाय मना," काका म्हणाले.

सोपं नव्हतं ते. चामटोलीच्या भावकीने काकांना हळदीची, गणपतीची, कसलीच बोलावणी करायचं बंद केलं. आमच्याकडचेही दोन नातेवाईक येऊन आप्पांना नको नको ते बोलून गेले. आत्या त्या वेळी आतल्या खोलीत पेटीवर बसून होती, आणि तिने ऐकलं ते सगळं ऐकलं. पण कोर्टात सही करायला गेली तेव्हा तिने प्रौढांच्या वर्गात शिकलेलं स्वतःचं नाव ठळक काढलं. तिला लिहिता-वाचता येणारा तो एकच शब्द. परत आल्यावर आप्पांनी आणि राण्यांनी मिळून ती पत्र्याची पेटी उचलली आणि आमच्या दारातून शेवटच्या दारात नेली. सबंध चाळ पाहत होती. पुढच्या वर्षी मी कोल्हापूरच्या सरांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पुस्तकात दुरुस्ती करावी लागणार म्हणजे," आणि त्यांनी मला खारी दिली.

पेटी आत ठेवून झाल्यावर आप्पा रंगाचा डबा घेऊन आले. दारावर व्होमर होतंच, त्याच्याखाली त्यांनी मॅन्डिबलचे पत्रे जुळवायला घेतले. आत्याने त्यांचा हात धरला.

"हाडाचं नगं, लक्षा. माजं नाव टाक. मला वाचता यील असं."

मराठी अक्षरांचे पत्रे आप्पांकडे नव्हते. त्यांनी तेलाचा डबा कापला आणि ओट्यावर बसून कातरीने, छिन्नीने अक्षरं कोरायला लागले. भ-चा पोकळ भाग दोनदा गळून पडला, थ-चा तीनदा. पुन्हा पत्रा, पुन्हा कोरणं. इतक्या वर्षांत आत्याचं नाव रेशनकार्ड सोडून कुठे लिहिलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं. आई तिला वन्सं म्हणे, आप्पा आक्का, आणि मी आत्या. दिवेलागणीला पत्रा तयार झाला, ब्रश फिरला, पत्रा उचलला. भागीरथी. आत्या पुढे झाली. या वेळी तिने रंगाला बोट लावलं नाही. एकेक अक्षर ओठ हलवत वाचलं, मग सगळं मिळून एकदा मोठ्याने वाचलं, आमच्याकडे वळून "जावा आता, सैपाक पडल्यात तुमचे," म्हणाली, आणि आत जाऊन दार आतून लावून घेतलं.